भिवा तांबेची वकील

“जागेतनं कुठला पऱ्या वाहतो ते ज्याला ठाऊक नाय, तो माझ्या घराचे कागद काय वाचणार?”

भिवा तांबे हे एकदा म्हणाला आणि खोलीतले पाचही जण हसले. पऱ्या म्हणजे पावसाळ्यात डोंगरावरून उतरणारा ओहोळ. आखातातल्या हमरिया फ्री झोनच्या मागच्या लेबर कॅम्पात, जिथं पाऊस वर्षातून चार दिवस पाहुण्यासारखा येतो आणि रस्त्यावरच बसकण मारतो, तिथं एसीच्या घरघरीत कोणी पऱ्याचं नाव काढावं, हे हसण्यासारखंच होतं. भिवा हसला नाही. तो तसाही कमी हसायचा. बावीस वर्षं काळ्या काचेच्या मागून आग बघणाऱ्या माणसाचा चेहरा हळूहळू त्या काचेसारखा होतो.

तो वेल्डर होता. समुद्रात उभे करायचे लोखंडी सांगाडे त्यांच्या यार्डात जोडले जात, आणि त्यातले अवघड सांधे भिवाकडे येत. मनगटांवर ठिणग्यांचे पांढरे ठिपके होते. चोविसाव्या वर्षी आला तेव्हा दोन वर्षांसाठी आला होता. आता तो सेहेचाळीसचा होता.

त्याचं घर देवरूखपासून अकरा किलोमीटरवर, आणि रस्ता संपल्यावर पुढं वीस मिनिटांचा चढ. तीन वर्षांपूर्वी त्याच्या वडिलांच्या छातीत दुखायला लागलं, तेव्हा वाडीतल्या चौघांनी त्यांना खुर्चीत बसवून खाली आणलं. रुग्णवाहिका रस्त्याच्या टोकाला दार उघडं ठेवून उभी होती. शेवटच्या वळणावर खुर्ची जड झाली, असं त्या चौघांतला एक जण फोनवर म्हणाला. भिवाने ते वाक्य जपून ठेवलं. कोणी विचारलं, घर कसं हवं, तर तो एवढंच सांगायचा, “दाराशी गाडी आली पायजे. बाकी भिंती कशाही चालतील.” बायकोचे गुडघे आता तो चढ नको म्हणत होते. मुलगी प्रज्ञा देवरूखला कॉलेजात होती आणि कुणाच्या तरी माडीवर राहत होती.

म्हणून गेल्या वर्षी सतीशभाऊंनी जेव्हा देवरूखच्या नव्या इमारतीची माहितीपत्रकं खोलीखोलीतून वाटली, तेव्हा पहिलं नाव भिवाने दिलं. हे सांगायला हवं, कारण नंतर सगळे म्हणत की त्याला पहिल्यापासूनच खोडा घालायचा होता.

सतीशभाऊ कंपनीत टाइमकीपर होते. ओव्हरटाइमची यादी त्यांच्या हातात, सुट्टीच्या अर्जाची थप्पीही त्यांच्याच टेबलावर. त्यातून कोकणवाल्यांच्या मंडळाचे ते सेक्रेटरी. इमारतीला एक लांबलचक संस्कृत नाव होतं, जे यार्डातल्या कोणालाच धड घेता येत नव्हतं. योजना साधी होती. आठ जणांनी एकदम बुकिंग केलं तर प्रत्येकाला सूट. आठांत एक कमी झाला तर कोणालाच नाही.

“आणि वकील?” सह्यांची वेळ आली तेव्हा भिवाने विचारलं.

“अरे, बिल्डरच वकील घेऊन येतोय इकडे. फ्री! सर्च रिपोर्ट तयार, सगळं क्लिअर. दोन आठवड्यांनी रविवारी ऊद मेथाच्या हॉलमध्ये सह्या, सोमवारी सकाळी कॉन्सुलेटला मुखत्यारपत्रं. आठांची अर्धी रजा मी टाकून ठेवलीये. एका झटक्यात खलास!”

ही इथली रीतच होती. गावाकडचा कुठलाही व्यवहार करायचा तर मुखत्यारपत्र लागतं, त्यासाठी रजा लागते, आणि रजा मिळणं मुश्कील. म्हणून कोणीतरी आपला माणूस पुढाकार घेतो, बस ठरवतो, आणि सगळे एका दिवशी एका रांगेत सह्या करून मोकळे होतात. काय लिहिलंय ते वाचायला वेगळी सुट्टी कोणी मागत नाही. ज्याच्या नावानं ते पत्र निघतं, तो गावाकडे आपल्या नावाने काहीही करू शकतो, हे सगळ्यांना माहीत असतं, आणि सगळे सही करतात, कारण बस खाली उभी असते.

भिवा म्हणाला, “म्हणजे ज्यानं वेल्ड मारला, तोच पास करणार.”

यार्डात असं चालत नसे. सांधा कितीही चकचकीत दिसो, मारणाऱ्याच्या शब्दावर तो समुद्रात जात नाही, त्याच्या कंपनीच्या शब्दावरही नाही. बाहेरून शौकत नावाचा तपासनीस यायचा. तो कोणाकडे चहा घेत नसे. सांध्याची एक्स-रे फिल्म काढायचा, उजेडाला धरायचा, आणि आत कुठं पोकळी दिसली की खिशातून पिवळा मार्कर काढून लोखंडावर एक वर्तुळ मारायचा, आत एक R. म्हणजे कापा आणि परत मारा. “भाईजान, लोहा झूठ नहीं बोलता, लोहार बोलता है,” असं तो म्हणे. त्या वर्तुळावर वाद नसायचा. मॅनेजरसुद्धा ते पुसू शकत नसे.

“मला माझा शौकत पायजे,” भिवा म्हणाला. “पैसे मी देईन.”

“घे की,” सतीशभाऊ म्हणाले. “माझा साडू ठाण्याला मोठा वकील आहे. नंबर देतो.”

भिवाने साडूला फोन केला. साडू सभ्य होता. म्हणाला, कागद मेलवर पाठवा, चार दिवसांत रिपोर्ट देतो. भिवाने विचारलं, “साहेब, त्या जागेतनं पऱ्या कुठून जातो?” “कसला पर्याय?” साडूने विचारलं. भिवाने समजावून सांगितलं. “तसं काही नकाशावर दिसत नाही,” साडू म्हणाला. “आणि जागेवर जायची गरज नसते हो, सगळं ऑनलाइन असतं.”

मग प्रज्ञाने एक नाव पाठवलं. ॲडव्होकेट आशा. देवरूखच्या एसटी स्टँडमागे, घड्याळ दुरुस्तीच्या दुकानावर एक खोली. खाली स्कूटर लावलेली असली तर बाई आत, नसली तर कोर्टात. भिवाने जेवणाच्या सुट्टीत, क्रेनच्या सावलीत उभं राहून फोन लावला आणि तोच प्रश्न विचारला.

“पऱ्या?” बाई म्हणाल्या. “फणसाच्या खालनं जायचा तो. गेल्या वर्षी मला दिसला नाही. तुम्ही कोणाचे?”

भिवाने वाडीचं नाव सांगितलं.

“बरं. मी आधी जागेवर जाऊन येते, मग तलाठ्याकडे, मग निबंधकाकडे. पंधरा दिवस लागतील. फी सात हजार. तुम्हाला घाई असेल तर दुसरा वकील बघा, मला घाईतलं काम जमत नाही.”

“तीनशे दिरहम,” भिवा स्वतःशीच मोठ्याने म्हणाला. सवयच तशी, उलट्या हिशेबाची. मग फोनमध्ये म्हणाला, “ताई, तुम्ही बिल्डरला ओळखता?”

“गाव केवढं! ओळखते की. त्याचं एक काम माझ्याकडे आलं होतं, मी घेतलं नाही. म्हणून तुम्हाला सांगते, माझ्यावरही आंधळा विश्वास ठेवू नका. मी जे सांगेन त्याचा कागद मागा.”

भिवाने तिथंच ठरवलं. ज्या माणसाला आपली तपासणी चालते, त्यालाच दुसऱ्याचं तपासता येतं, असं काहीसं त्याच्या मनात आलं. शब्दांत आलं नाही.

खोलीत मात्र वादळ उठलं. सह्यांचा रविवार दहा दिवसांवर, आणि बाईंना पंधरा दिवस हवे होते. त्यात त्याने फोटो काढून मुखत्यारपत्राचा मसुदाही बाईंना पाठवला. “आला शौकत!” तो दारातून आत आला की कोणीतरी म्हणे. “भिवाशेठ, आमच्या भाजीची फिल्म काढून द्या, मीठ कमी वाटतंय.” सतीशभाऊंच्या यादीतून त्या आठवड्यात त्याचं नाव गळालं, ओव्हरटाइम नाही. भिवाने विचारलंही नाही. ज्या संध्याकाळी इतर जण यार्डात असत, तो कॅम्पच्या कुंपणाशी बसून खाऱ्या हवेत गंजत जाणाऱ्या तारेकडे बघत राही. लोखंडही इथं एकटं सोडलं की स्वतःला खातं.

सर्वांत जास्त रागावला होता तो रामेश्वर. शेजारच्या खाटेवरचा, एकतीस वर्षांचा ग्राइंडर, भिवाने मारलेले सांधे घासून गुळगुळीत करणारा. मे महिन्यात त्याचं लग्न ठरलं होतं, आणि मुलीकडच्यांनी विचारलं होतं, घर कुठं.

“भिवादा, तुझ्यासकट आठ होतात,” तो म्हणाला. “तू नाय आलास तर आमचं सगळ्यांचं जातं. मी काय सांगू त्यांना? पऱ्या सापडला नाय म्हणून थांबलोय?”

“येतो ना मी. बसमधी बसतो. बाईंचं काम झालेलं असलं तर सही करतो.”

“आणि नसलं तर?”

“तर नाय करत.”

“कुणासाठी रे एवढा ताठा?”

भिवाला उत्तर येत होतं, पण त्यात एक खुर्ची होती, चार माणसं होती आणि एक वळण होतं. तो म्हणाला, “झोप आता.”

रविवारी सकाळी बस ऊद मेथाला पोचली. शाळांच्या रस्त्यावरचा छोटा हॉल, दाराशी फुग्यांची कमान. टेबलावर सतीशभाऊंची मुलगी सान्वी बसली होती. इथंच वाढलेली, बारावीतली. “अंकल, फुल नेम प्लीज,” ती म्हणाली. भिवाने नाव सांगितलं. “स्पेलिंग?” तिने विचारलं, आणि त्याने खिशातलं ओळखपत्रच पुढं केलं.

आत स्टेजवर इमारतीचं चित्र होतं. हिरवळ, कारंजं, आणि दाराशी उभी एक लाल गाडी. भिवा त्या गाडीकडे बराच वेळ बघत राहिला.

“सर, फायनल व्ह्यू असाच असणार आहे,” शेजारून आवाज आला. बिल्डरच्या पुणे ऑफिसच्या अपर्णा मॅडम. “अगदी डोअरस्टेपपर्यंत पार्किंग.”

“गाडी आली कुठून?” भिवाने विचारलं.

“सॉरी?”

“चित्रात रस्ता नाय काढलेला. गाडी आली कुठून?”

मॅडम हसल्या. “सर, तुम्ही खूप डीप जाता!”

सह्या सुरू झाल्या. बिल्डरचे वकीलसाहेब टायसकट खुर्चीत बसले होते आणि प्रत्येकापुढे गठ्ठा सरकवत होते. पेन्सिलीची फुली जिथे, तिथे सही. एक, दोन, तीन. रामेश्वर चौथा होता. त्याने फुल्या मोजत पहिल्या दोन सह्या केल्या, एवढ्यात भिवाचा फोन थरथरला. तो पाण्याच्या मशीनपाशी गेला आणि आलेला व्हॉइस मेसेज कानाला लावला.

आशाताईंचा आवाज दमलेला होता. मागे प्रज्ञा काहीतरी बोलत होती.

“तांबे, पंधरा दिवस म्हटलं होतं, पण तुमची मुलगी रोज येऊन बसली खाली. नीट ऐका. इमारत ज्या जागेवर आहे, ती क्लिअर आहे. बिल्डरच्या वकिलाने खोटं लिहिलेलं नाही. पण त्या जागेला रस्ता नाही. मुख्य रस्त्यापासून इमारतीपर्यंत मधे एक पट्टा आहे, पऱ्याच्या काठचा. पऱ्या त्यांनी माती टाकून बुजवलाय आणि वरून खडी पसरलीये. त्या पट्ट्याच्या सात-बारावर सोळा नावं आहेत. पंधरा जणांनी विकलाय. सोळाव्याची सही नाही. तोवर तो रस्ता कायद्याने रस्ता नाही. हा सोळावा तुमच्याच तिकडे आहे म्हणतात. आजीच्या माहेरकडून नाव लागलंय, त्याला बहुधा माहीतही नसेल. रामेश्वर धोंडू गुरव. कागदाचे फोटो पाठवलेत. आणि ते मुखत्यारपत्र तुमचं सहा पानांचं आहे, ते ठीक आहे. पण सही कराल तेव्हा पानं मोजून घ्या.”

भिवाने तो निरोप परत एकदा ऐकला. थंड पाण्याचा पेला हातातच राहिला. मग तो आत आला, रामेश्वरच्या मागे उभा राहिला आणि साध्या आवाजात म्हणाला, “रामा, तुझ्या आजीचं माहेर कुठलं रे?”

“आता काय सोयरीक जुळवतोस?” रामेश्वर वैतागला. मग म्हणाला, “देवरूखचं. का?”

“तुझा गठ्ठा दे जरा.”

“भिवा, लाइन पुढं जाऊ दे,” सतीशभाऊ म्हणाले.

भिवाने गठ्ठा उचलला आणि पानं मोजली. वेल्डर मोजतो तशी, बोटाने एकेक दाबून. सात. त्याने पाचव्या माणसापुढचा गठ्ठा उचलला. सहा. सहाव्या माणसापुढचा. सहा.

“वकीलसाहेब, याचं सातवं पान वाचून दाखवा.”

“ते ॲनेक्श्चर आहे. टेक्निकल.”

“मराठीत सांगा.”

वकीलसाहेबांनी अपर्णा मॅडमकडे बघितलं, मॅडमनी सतीशभाऊंकडे, आणि सतीशभाऊंनी स्टेजवरच्या लाल गाडीकडे. शेवटी भिवानेच फोन उघडून टेबलावर ठेवला. सात-बाराचा फोटो, वर सातव्या पानावर होता तोच गट नंबर, खाली बारीक अक्षरांत सोळा नावं, आणि शेवटचं नाव. रामेश्वरने वाकून ते वाचलं. मग आपलं ओळखपत्र काढलं आणि दोन्हींकडे आळीपाळीने बघू लागला, जणू त्यातला एक कोणीतरी दुसराच आहे.

“इमारतीचा रस्ता तुझ्या जमिनीतनं जातो,” भिवा म्हणाला. “सातव्या पानात तू तुझा हिस्सा सोडतोयस. फुकट.”

रामेश्वर पेन ठेवून उठला.

“म्हणजे रस्ता माझा?” रामेश्वर म्हणाला.

“सोळावा हिस्सा.”

“मग मी टोल लावू?”

बाकीचे सहाही जण खोखो हसले, आणि त्या हसण्याने वकीलसाहेबांची सुटका झाली. ते उठले, टेबलाला वळसा घालून आले आणि रामेश्वरच्या खांद्यावर हात ठेवला. “गुरवसाहेब, गैरसमज नको. हे आम्ही तुम्हाला सांगणारच होतो. तुमच्या हिश्श्याचा योग्य मोबदला मिळेल. फ्लॅटच्या किमतीत वळता करू. बाहेर वकील कशाला, तुमचं कामही मीच बघतो. माझी फी नाही.”

“सर, पार्किंगसुद्धा आपण कॉम्प्लिमेंटरी करू,” अपर्णा मॅडम म्हणाल्या. “भिवासरांनाही.”

“बघ!” सतीशभाऊंचा आवाज परत आला. “बोलून प्रश्न सुटतात. भिवा, तुझ्यामुळे रामाचं भलं झालं, मान्य. आता तू पण बस. आठ झाले. यल्ला, चला, चहा येतोय.”

रामेश्वर खुर्चीत टेकला. त्याच्या चेहऱ्यावर मे महिना होता, मुलीकडची माणसं होती. “खरंच फी नाय?” त्याने वकीलसाहेबांना विचारलं, आणि वकीलसाहेब हसून त्याच्या शेजारी बसले. पेन परत त्याच्या हातात आलं. त्याने वर भिवाकडे बघितलं, परवानगी मागितल्यासारखं, आणि लगेच नजर खाली नेली.

भिवा त्या झुकलेल्या मानेकडे बघत उभा होता. त्याला वाटलं, ही खुर्चीही वळणावर आली आहे. चार माणसं उचलायला आहेत, सगळी आपलीच, आणि खाली रस्त्यावर कोणाची तरी गाडी दार उघडं ठेवून उभी आहे.

“भिवा, उद्या कामावर यायचंय हां तुला,” सतीशभाऊ हळूच म्हणाले. “यादी माझ्याकडेच असते. काय ते बोल एकदा.”

भिवाने शर्टाच्या खिशात हात घातला. सांध्यांवर खुणा करायला घेतलेला, काल यार्डातून निघताना राहून गेलेला पिवळा मार्कर तिथं होता. त्याने टोपण काढलं, रामेश्वरच्या हाताखालून सातवं पान ओढून घेतलं, आणि मजकुराच्या मधोमध एक वर्तुळ मारलं, आत एक R. रंग ओला होता, जाड, लोखंडावर मारायचा. तो कागदातून झिरपून खालच्या पानापर्यंत गेला.

अपर्णा मॅडमना काही कळलं नाही. वकीलसाहेबांना वाटलं, हा माणूस सही करतोय. पण टेबलाभोवतीच्या यार्डातल्या सगळ्यांनी ते ओळखलं. पाचव्याने आपल्या हातातलं पेन खाली ठेवलं. हसत होता तो सहावा हसायचा थांबला. ते वर्तुळ पुसायची कोणाची हिंमत नसते, हे त्यांना इंग्रजी न वाचताही कळत होतं.

वर्तुळाखाली भिवाने एक फोन नंबर लिहिला. देवरूखचा, आशाताईंचा. मग तो कागद रामेश्वरपुढे परत सरकवला, सरळ केला, टोपण लावलं. टेबलावरच्या आठव्या गठ्ठ्यातून आपल्या पासपोर्टची झेरॉक्स काढून घेतली, तिची नीट चौघडी केली आणि फोनबरोबर खिशात ठेवली.

“अरे, काहीतरी बोलून तर जा!” सतीशभाऊ ओरडले.

कमानीखालून जाताना एक फुगा त्याच्या डोक्याला लागून फुटला. सान्वीने दचकून वर बघितलं. भिवाने मागे वळून पाहिलं नाही. काचेचं दार ढकललं, आणि तो बाहेरच्या पांढऱ्या उन्हात निघून गेला.